कोरडी हवा

पासली, वैशाख शुद्ध सप्तमी, शके १८५९

दादा,

अक्षर वळखलं असंल. तुमीच पाटीवर गिरवून घेतलं हुतं. पत्र फाडायचं असंल तर वाचून फाडा, येवढंच मागनं.

माझा पाट लागला त्या दिवसापास्नं तुमी मला भयीन म्हनत न्हाई. नवरा मेलेल्या बाईनं भावाच्या ओसरीत मोकळ्या कपाळानं जलम काढायचा, का दुसऱ्या घरी जाऊन संसार करायचा, ह्यावर आपलं बोलनं तवाच झालं. ते आता उकरत न्हाई. हितं मला एक मुलगी हाय. बनू. सा वर्सांची. तिच्यापायी लिवते.

ह्या पोरीला पाऊस सोसत न्हाई. मिरग लागला का तिची छाती वाजाया लागती. आषाढात तर निजता येत न्हाई. भितीला हात लावून उभी ऱ्हाती आन् श्वास वढती. तुमच्या किकवीला सर येती आन् जाती. हितं एकदा आभाळ खाली बसलं का गनपतीपतूर समोरचा डोंगूर दिसत न्हाई. गोधड्या वाळत न्हाईत. भितीला बुरशी धरती. सरपन वलं, त्येचा धूर घरातच फिरतो, आन् गुरं बी त्याच छपराखाली. आमी समदे खोकतो, पन आमाला त्येचं काय वाटत न्हाई. तिचं व्हट निळं पडत्यात.

गेल्या दिवाळीनंतर तिला भोरला दवाखान्यात दावली. डाक्तर म्हनले, "बाई, बाटली देतो, पण हिचं खरं औषध कोरडी हवा आहे. पावसाळ्यात हिला डोंगरातून काढा. तुमचं पूर्वेकडं कोणी आहे का?" बनूचे आबा माझ्याकडं बघत हुते. म्या म्हनलं, कुनी न्हाई.

परवा अंगनात बसलो हुतो. बनूच्या आबांनी सहज काढलं, "देवानं एकच म्हैना वर्सभर ठिवायचा म्हनला, तर कंचा मागाल?" म्या म्हनलं, माघ. आभाळ निवळ, वारा कोरडा, लुगडं टाकलं का वाळलं. माघात ही पोर शेरडामागं टेकाड चढून जाती आन् तिच्या छातीचा आवाज येत न्हाई. हे हसले. म्हनले, "मंग भात काय दगडावर लावशील? मला आषाढ द्या. गुडघाभर चिखल द्या." मंग बनूला विचारलं. ती म्हनली, "श्रावन." का, तर तवा तेरडा फुलतो, बांधावर खेकडं गावत्यात आन् उनात पाऊस पडतो. बघा दादा, जो पाऊस तिचा गळा धरतो, त्योच तिला आवडतो.

मिरगापास्नं दसऱ्यापतूर तिला ठिवून घ्या. मला नगं, तिला. खाती थोडी, हट्ट करत न्हाई. बनूच्या आबांची ह्याला मान्यता हाय.

पत्र इब्राहीमभाईंकडं देते. भोरचे हायत, हिरडा घ्याया तट्टू घिऊन वर येत्यात. भला मानूस हाय. तुमच्या हातात दीतील.

चंद्रा


पासली, वैशाख वद्य द्वादशी

दादा,

इब्राहीमभाई काल आले. म्या तट्टूवरचं वझं उतरायच्या आधीच विचारलं, "पत्र दिलं?"

"हातात दिलं, बाई."

"मंग?"

"वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. मला पाणी पाजलं. मग म्हणाले, तिकडं पाऊस लागला का?"

"आनि काय?"

"आनि काही नाही."

तवापास्नं म्या तेच धरून बसलेय. पाऊस लागला का, हे तुमी पोरीसाठी विचारलं, का सगळी मानसं ह्या दिसांत विचारत्यात तसं विचारलं? तुमी फाडलं न्हाई, हे बी म्या मोजते. लागला न्हाई अजून, दादा. पन वारं फिरलंय. पच्छिमेकडनं गार येतंय आन् काल बनू दोनदा चालता चालता थांबली.

मागल्या पत्रात म्या खोटं लिवलं. बनूच्या आबांना कायबी सांगितलं न्हवतं. इब्राहीमभाई बोलले तवा हे गोठ्याच्या दारात उभे हुते. समदं ऐकलं. मानूस कधी आवाज चढवत न्हाई, कालबी चढवला न्हाई. येवढंच म्हनले, "ज्या दारानं तुला उभं केलं न्हाई, त्या दारात माझी पोर टाकायची? पासलीत काय पोरं जगत न्हाईत?"

म्या म्हनलं, "जगत्यात. समदी जगत न्हाईत."

ते जेवले न्हाईत. सकाळी रान भाजायला गेले ते दिस कलल्यावर आले.

तुमाला त्येंच्याविषयी कुनी काय सांगितलं असंल, मला ठाव न्हाई. चिखलात वाढलेला गडी हाय. आभाळ भरलं का त्येंचं तोंड उजळतं. आन् तेच आभाळ बघून पोरीची आई तिच्या छातीला कान लावती, हे बी त्येंना कळतं. कळूनशान बोलत न्हाईत. तुमी बी तसंच. दोघं बी गप बसनारे, आन् मधी माझी पोर.

एक वळ लिवून धाडा. न्हाई म्हना, पन लिवा.

चंद्रा


पासली, श्रावण शुद्ध तृतीया

दादा,

वळ आली न्हाई. आता आली असती तरी वर कशी येनार? ओढं भरल्यात, टपालवाला येल्ह्यातनं वर येत न्हाई, इब्राहीमभाई खाली गेले. हे पत्र म्या संगट घिऊन येनार हाय. दारात मला बोलता आलं न्हाई तर तुमच्या हातात दीन.

बनू पाच रोज झाले निजली न्हाई. बसून गुंगती, मान पडली का दचकून उठती. अडुळशाचा रस दिला, मध दिला, छाती शेकली. सासूबाई म्हनल्या, "डाग द्यावा लागंल. गेनूला, हिच्या बापाला बी ल्हानपनी दिलावता, म्हनून जगला." म्या नगं म्हनलं. त्या म्हनल्या, "तुझ्याकडं दुसरं औषध हाय का?" न्हवतं.

सासूबाईंनी इळा चुलीत लाल केला. बनूच्या आबांनी पोरीला मांडीवर धरलं. पयला डाग बरगडीखाली दिला. तिला वरडाया श्वासच न्हवता, दादा. नुसतं तोंड उघडलं, आन् आबांच्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा इळा उचलला तवा ह्येंनी त्येंचा हात धरला. इळा घेतला आन् दारातनं भाईर पावसात फेकला. मातारी कडाकडा बोलाया लागली. हे मला म्हनले, "बांध तिचं."

"कुठं जायाचं?"

"तुला ठाव हाय कुठं."

सकाळी निघतो. आवनी अर्धी ऱ्हायलीय, खाचरात रोपं उपटून तशीच पडल्यात. ह्या दिसांत हे रान सोडून कधी सासुरवाडीलाच काय, येल्ह्याच्या बाजाराला बी गेले न्हाईत.

आमाला भाकरी देऊ नगा. पोर घ्या.

चंद्रा


पासली, श्रावण वद्य प्रतिपदा

रतनवैनी,

तुमी पंचमीला म्हायेरी गेला हुता. परत आल्यावर घरात एक परकी पोर दिसली असंल. दादांनी काय सांगितलं असंल ते म्या इथनं सांगू शकते: "चंद्रीची हाय. दसऱ्यापतूर ऱ्हाईल." म्हनून बाकीचं म्या लिवते. तिला सांभाळनार तुमी, तुमाला ठाव पायजे.

बनूच्या आबांनी तिला पाठीवर बांधलं, वरनं दोघांवर मिळून एक इरलं. येल्ह्यापतूर पायी आलो. म्होरं गाडी मिळाली. नसरापूर जवळ आलं तसा पाऊस इरळ झाला, आन् डोंगूर मागं पडल्यावर तर रस्त्याला धुरळा दिसला. श्रावनात धुरळा! बनू आबांच्या खांद्यावर मान टाकून निजली. कितीतरी दिसांनी निजली. गाडीत आमी दोघं हललो न्हाई.

किकवीच्या शिवेवर हे लिंबाखाली बसले. म्हनले, "हितनं म्होरं तुझं म्हायेर. म्या हितं हाय."

दादा ओट्यावर दोर वळत बसले हुते. मला बघून हात थांबला. मला वाटलं हुतं तसंच झालं. पत्र दिलं. त्येंनी उभ्यानं वाचलं. मंग बनूचं पोलकं वर करून बघितलं.

"हे कुनी केलं?"

"आमी."

त्येंनी पोलकं सावकाश खाली केलं. बनूनंच विचारलं, "मामा, हितं पाऊस हाय का?"

"येतो," दादा म्हनले. "येतो आन् जातो."

मंग मला म्हनले, "पोर ऱ्हाईल. तू ओट्यावर येऊ नगस. दसरा झाल्यावर न्हे." तिला हाताला धरून ओट्यावर घेतलं. तिनं मागं बघितलं, पन रडली न्हाई. रडायला तिला भ्या वाटतं, रडलं का श्वास अडकतो.

शिवेवर आले तवा ह्येंनी विचारलं, "घेतली?"

"घेतली."

"तुला पानी दिलं?"

दिलं न्हवतं, म्या दिलं म्हनलं. हे तुमी दादांना सांगा वा नगा सांगू, पन बनूच्या आबांपतूर जाऊ देऊ नगा.

आता तिचं. चुलीजवळ निजवू नगा. उशाला दोन वाकळा ठिवून डोकं उंच करा. दही मागंल, देऊ नगा. अंधाराला भीत न्हाई. तुमच्याकडं पोरासोरांचा राबता न्हाई, तवा ती पयल्यांदा गप ऱ्हाईल. तिला बोलतं करा.

चंद्रा


पासली, माघ शुद्ध दशमी

वैनी,

तुमी माझ्यावर रुसला हाय. भातकापनीपायी दसरा चुकला, दिवाळी झाल्यावर म्या तिला न्ह्यायला आले, तो दिस तुमाला इसरता येत न्हाई. मला बी न्हाई.

तुमी दारातच म्हनला हुता, "खेळाया गेलीय, कुठं कोन जाने." म्या वाट बघत ओट्याखाली उभी. मंग म्हनला, "हिवाळाबी हितंच काढू दे. अंग धरलंय पोरीनं. पुन्हा त्या धुरात न्हिऊन काय करनार?" तुमचं खोटं न्हवतं. गालावर रगत दिसत हुतं तिच्या. पन दादांनी तुमचं तोंड बघितलं आन् म्हनले, "रतन, शेजारच्या ठकुबाईच्या घरातनं पोरीला आन." तुमी गेला आन् येनी घातलेली, नवं परकर-पोलकं ल्यालेली पोर घिऊन आला. तिनं तुमचा पदर धरला हुता. तुमाला 'आई' म्हनली. मला 'पासलीची आई' म्हनली.

तुमाला मूल न्हाई म्हनून म्या हे सोसलं, असं लिवलं तर शोभंल. पन खरं ते न्हाई. मला लई वाईट वाटलं. वाटंत म्या तिच्याशी बोलले न्हाई, आन् त्या पोरीला वाटलं का आपलंच काय चुकलं.

आता माघ चाललाय. असला माघ म्या बघितला न्हाई. सकाळी गवतावर दव, मंग दिसभर कवळं ऊन, आभाळ कसं धुऊन वाळत घातल्यागत. तोरण्याच्या कड्यावरचं झाडनझाड दिसतं. बनू पेंढ्याच्या उडवीवर चढती आन् घसरत खाली येती. आबा वरडत्यात आन् मंग तेच तिला वर चढवत्यात. सांजेला ती दमती, पन पोरं दमत्यात तशी.

वैनी, मला वाटतं हे असंच ऱ्हावं. मिरग येऊच नये. भात न्हाई पिकलं तर न्हाई, नाचनी नगं, कंदमुळं खाऊन ऱ्हाऊ. असं मनात आलं आन् माझं मलाच भ्या वाटलं. बनूचे आबा शेजारीच बसून बियान्याची कनगी शेनानं लिंपत हुते. गावात येवढी घरं पावसाच्या तोंडाकडं बघून जगत्यात, आन् म्या एकटी त्यो येऊ नये म्हनून हात जोडते. सासूबाईंना कळलं तर दारात उभं करनार न्हाईत.

मिरगाच्या आत तिला आनून सोडते. तुमी म्हनाल, ह्या बाईचं काय खरं. शब्द देते.

चंद्रा


पासली, ज्येष्ठ वद्य द्वितीया, शके १८६०

वैनी,

दादा घरी आल्यावर "आनली" म्हनले असतील आन् बैल सोडायला गेले असतील. तुमाला कायबी कळनार न्हाई. इब्राहीमभाईंची ह्या साली शेवटची खेप खाली चाललीय, तवा समदं लिवून देते.

म्या शब्द पाळला न्हाई. अक्षय्यतृतीयेला निघायचं ठरलं हुतं. मंग वाटलं, आंबं उतरवून हून जाऊ दे. मंग जावंच्या भावाचं लगीन आलं. मंग काय कारन उरलं न्हाई, तर रोज सकाळी आभाळाकडं बघायची आन् म्हनायची, निवळ हाय, आज ऱ्हाऊ दे. हे म्हनायचे, "चंद्रे, वारं फिरलं." म्या म्हनायची, उद्या. माझ्या कुशीत निजायची ती. श्वास चांगला चालला हुता. मला ते सोडवंना.

पाऊस मिरगाच्या आधीच आला. वळीव येतो तसा येऊन जाईल असं वाटलं, पन गेला न्हाई. धरूनच बसला. तिसऱ्या दिवशी बनू भितीला हात लावून उभी ऱ्हायली. हे मला एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. पाठीवर घ्यावी तर पोट दाबलं जाऊन तिचा जीव घाबरा व्हायचा. दोनदा बांधली आन् दोनदा उतरवली.

त्या दिवशी सांजच्याला दारात दादा उभे. डोक्यावर घोंगडं, ते बी गळत हुतं. कमरंपतूर चिखुल. येल्ह्यातनं एकटे चालत आले हुते. कुनाला रामराम न्हाई, काय न्हाई, सरळ आत येऊन पोरीजवळ बसले आन् तिच्या पाठीवर हात ठिवला. मला म्हनले, "मिरगाचा वायदा हुता ना?"

म्या म्हनलं, "व्हय."

"मंग?"

"मला सोडवंना, दादा."

सासूबाईंनी त्येंना भाकरी वाढली. खाल्ली, वैनी. आमच्या घरात बसून खाल्ली.

सकाळी दादा ह्येंना म्हनले, "वेळू हाय का घरात?" ह्येंनी छपरातनं एक काढला. दादांनी आपलं घोंगडं त्येला बांधून झोळी केली. बनूला आत अर्धी बसवून पाठीला पेंढ्याची गुंडाळी दिली, वर इरलं टाकलं. फुडं दादा, मागं हे. दादा उंच, आन् हे बुटके, तवा झोळी मागं घसराया लागली. दादा म्हनले, "तुमी फुडं या. चढ हाय, मला मागनं वजन घेता येईल." दोघांनी जागा बदलली. मंग दिसभर त्येंच्यात येवढंच बोलनं, "दगूड हाय." "दिसला." "खांदा बदलू?" "बदला." ओढ्यात पानी मांडीला लागत हुतं. मधी ह्येंचा पाय सरकला. दादांनी वेळू दोनी हातांनी डोक्याच्या वर धरला आन् तसंच उभं ऱ्हायले, हे सावरंपतूर. म्या मागं उभी.

येल्ह्याच्या अलीकडं एका घरातला म्हातारा भाईर आला. झोळी बघून त्येनं डोक्यावरचं मुंडासं काढलं आन् हात जोडून रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हायला. दादा थांबले. म्हनले, "जिती हाय पोर. मुंडासं घाला, बाबा. जिती हाय." पुन्हा चालाया लागले तवा त्येंचा खांदा हालत हुता. फुडं बघत चालनाऱ्या बनूच्या आबांनी तसंच इचारलं, "थांबू का जरा?"

"नगं," दादा म्हनले. "चला, दाजी."

वैनी, ते दाजी म्हनले. ह्येंनी मागं वळून बघितलं न्हाई. पन म्या मागनं बघत हुते, त्येंची चाल हळू झाली आन् मंग पुन्हा पयल्यागत पडाया लागली.

गाडी येल्ह्यात मिळाली. पाऊस ढिला झाला हुता. दादा आधी बसले आन् पोरीला मांडीवर घेतली. ह्येंना म्हनले, "तुमी बी चला दोघं. घर मोठं हाय." हे म्हनले, "भाताचा तरवा वाहून जाईल. आमाला गेलं पायजे." दादांनी मान हालवली. म्हनले, "फुडल्या साली म्या येतो न्यायला. हिच्यावर सोपवू नगा."

मला वाईट वाटायला पायजे हुतं. वाटलं न्हाई. त्येंनी बराबर वळखलंय मला.

बनूनं डोळं उघडून इचारलं, "किकवीची आई घरी हाय का?" दादा म्हनले, हाय. मंग मिटलं. तुमी ह्या साली पंचमीला म्हायेरी जाऊ नगा, असं लिवनार हुते, पन ते मागायचा मला हक्क न्हाई.

गाडी हालली. म्या चाकाच्या बाजूनं चालाया लागले. तिच्या छातीचा आवाज येत हुता, अजून खरखर हुती, पन त्यो थांबत न्हवता, येत हुता आन् जात हुता. त्यो ऐकत म्या चालत ऱ्हायले. बैलांनी चाल धरली, तसा घुंगरांत त्यो मला येगळा ऐकू येईना. तवा थांबले.

चंद्रा